स्थान, पुरुष आणि प्रमाण
(सिरसाळा परिसरातील ऐतिहासिक स्थळांच्या निमित्ताने)



पंथीय आचारविचारात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने सांगितली आहेत. त्यांपैकी स्थान हे पहिले. परमेश्वरावताराचा संबंध ज्या भूमीस घडला ती भूमी वंद्य होय, तेथे ओटा बांधून ती जागा राखावी व वंदन करीत असता तेथील लीळेचे स्मरण करावे, हा नियम आपण सर्वच जाणतो. परंतु स्थानवंदन करणाऱ्या साधकाने आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावयास हवा. अमुक स्थान अमुक लीळेचे, हे आपणास कशावरून कळले? सांगणारा कोण, लिहिणारा कोण, आणि त्याने ते कोणास विचारून लिहिले? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा हे गाव व त्याच्या चहूकडची भूमी घेतली आहे.

पूर्वपक्ष

येथे प्रथम एक आशंका उत्पन्न होते. भिक्षूने स्वदेशसंबंध टाकावा, स्वग्रामसंबंध टाकावा, एका ठिकाणी गुंतून राहू नये, नित्य अटन करावे, अशी सर्वज्ञांची आज्ञा आहे. ज्या मार्गात गाव व घर सोडावयास सांगितले, त्याच मार्गात गावोगावीच्या देवळांची, ओट्यांची आणि वाटांची एवढी बारीक नोंद का व्हावी? 'स्थानपोथी'सारखा ग्रंथ, ज्यात कोणते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे द्वार कोणीकडे, अवस्थान कोठे, वसती कोठे, आसन कोठे, आरोगणा कोठे, हे ठिकाणवार सांगितले आहे, तो वैराग्यमार्गात कसा निर्माण झाला? भूमीचा मोह टाका म्हणणे आणि भूमीची मोजदाद करणे या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहीत काय?

निराकरण

त्या परस्परविरुद्ध नाहीत. टाकावयाचा तो 'माझे' हा अभिमान. माझे गाव, माझी भूमी, माझ्या पूर्वजांची कीर्ती या भावनेने मनुष्य भूमीशी बांधला जातो. स्थानस्मरणात 'माझे' काहीच नसते. ती जागा दुसऱ्या कोणाच्या कृपेने पवित्र झालेली असते व आपण तिचे केवळ साक्षी असतो. ज्यास भूमीवर स्वामित्व सांगावयाचे आहे तो तिच्या इतिहासात भर घालतो, कारण त्यात त्याचा लाभ असतो. ज्यास केवळ साक्ष द्यावयाची आहे तो जेवढे घडले तेवढेच सांगतो. म्हणून अभिमानत्याग आणि अचूक नोंद या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत.

यास एक दृष्टांत घेऊ. दोन शेतांमधील धुऱ्यावर दगड रोवलेला असतो. शेतमालक बदलतात, पीक बदलते, विहीर बुजते, पण दगड जागेवर असेतो वाद मिटविता येतो. एखाद्याने लोभाने तो दोन हात सरकविला तर त्या दिवशी त्यास दोन हात भूमी मिळते, परंतु पुढच्या पिढीस खरी शीव कोणती हे कोणीही सांगू शकत नाही. सरकविणाऱ्याच्या मुलासही नाही. दार्ष्टांतिक असे की, स्थानाची परंपरा हा धुऱ्याचा दगड होय. श्रद्धेच्या भरात जरी तो सरकविला तरी हानी तीच होते.

म्हाइंभटांची रीत

या बाबतीत आपल्यापुढे सर्वांत मोठा आदर्श पंडित म्हाइंभटांचा आहे. सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर भक्तमंडळी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आली. तेथे श्रीनागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली म्हाइंभटांनी लीळा एकत्र करण्याचे कार्य हाती घेतले. 'लीळाचरित्रा'चा काळ सामान्यतः शके १२०० म्हणजे इ. स. १२७८च्या सुमाराचा मानतात. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध अशी रचना असलेला हा ग्रंथ मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून मान्यता पावला आहे.

म्हाइंभट हे शास्त्रव्युत्पन्न पंडित होते. मनात आणते तर एकांतात बसून प्रौढ भाषेत अलंकृत चरित्र रचणे त्यांस अवघड नव्हते. परंतु त्यांनी तसे केले नाही. जी लीळा ज्याच्या समोर घडली त्यास भेटून, त्याच्या तोंडून ऐकून, नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेऊन त्यांनी लेखन केले. त्यासाठी ते स्वतः हिंडले. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर भिन्न पाठांची नोंद राखण्याची वहिवाट पंथात रूढ झाली. आपणास गैरसोयीचा म्हणून पाठ गाळून टाकावा ही वृत्ती त्या कार्यात दिसत नाही.

पुढे यादवराज्याच्या पडत्या काळातील धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली. तेव्हा ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मृतीवरून पाठ पुन्हा सिद्ध करण्यात आले. यात हिराइसेचे नाव कृतज्ञतेने घेतले जाते. लिखित प्रत गेली असता एका स्त्रीच्या स्मरणशक्तीने ग्रंथ राखला, ही गोष्ट स्मृतीस तुच्छ मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की ती स्मृती मोकाट नव्हती. गुरुमुखातून आलेली, आवृत्तीने पक्की झालेली आणि इतरांच्या स्मृतीशी ताडून पाहता येणारी अशी ती होती. ऐकीव गप्प आणि परंपरागत स्मृती यांत भेद आहे तो हाच.

चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी हीच रीत स्थानांच्या बाबतीत वापरली. आज एखाद्या गावी जुने देऊळ राहिले नसले, तरी 'स्थानपोथी'च्या आधारे ते कोठे असावे याचा शोध घेता येतो. म्हणूनच पंथाबाहेरील इतिहासकारांनाही हा ग्रंथ यादवकालीन महाराष्ट्राच्या भूगोलाचे साधन वाटतो.

सिरसाळ्याच्या चहूकडे

आता हीच दृष्टी घेऊन सिरसाळ्याच्या आसपास पाहू. परळीहून तेलगावकडे जाणाऱ्या वाटेवर हे गाव आहे. उत्तरेस गोदावरीचे खोरे व दक्षिणेस बालाघाटाच्या रांगा, यांच्या मधल्या प्रदेशात ते वसले आहे.

उत्तरेस, माजलगाव तालुक्यात गोदातीरी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक मासात येथे मोठी यात्रा भरते. या गावाचे नाव कसे पडले याचे प्रमाण ताम्रपटात आहे. यादवराजा रामचंद्र याचा शके १२३२ म्हणजे इ. स. १३१०चा ताम्रपट येथे सापडला व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. रामचंद्राचा मंत्री पुरुषोत्तम नायक याच्या नावाने हा अग्रहार स्थापन झाला असे त्यावरून समजते. काळ लक्षात घ्यावा. अलाउद्दीन खलजीची देवगिरीवरील पहिली स्वारी १२९६ची. मलिक काफूरची स्वारी १३०७ची. त्यानंतरचा हा ताम्रपट असल्याने यादवांच्या अखेरच्या लेखांत त्याची गणना होते. राजाच्या पराक्रमाची वर्णने त्यात आहेत, पण थोड्याच वर्षांत ते राज्य मावळले. गावाचे नाव मात्र सातशे वर्षांनंतरही तेच आहे.

वायव्येस, गेवराई तालुक्यात गोदावरीच्या पात्रात पांचाळेश्वर हे आत्मतीर्थ आहे. श्रीदत्तात्रेय प्रभूंचे नित्य भोजनस्थान म्हणून ते आपणा सर्वांस परमवंद्य आहे. महाराष्ट्रात अन्यत्र दत्तात्रेयांची त्रिमुखी मूर्ती प्रचलित असली, तरी पंथ श्रीदत्तात्रेय प्रभूंस पंचकृष्णांतील एकमुखी परमेश्वरावतार मानतो, हे नवीन वाचकांनी येथे लक्षात घ्यावे. त्याच तालुक्यात गोदातीरी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा तेथे पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला. एकाच नदीच्या काठी एक स्थान शांतरसाचे व दुसरे वीररसाचे. गोदामाईने दोन्ही पाहिली.

पश्चिमेस बीड नगरात कंकालेश्वराचे जलवेष्टित देऊळ आहे. नगराबाहेरील खजाना विहीर ही निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाच्या कारकिर्दीत झालेली. विहिरीचे पाणी भूमिगत नळांनी दूरच्या शेतमळ्यांस पुरविण्याची तेथील योजना आजही पाहणाऱ्यास थक्क करते. राजवट कोणाची हे न पाहता पाण्याचे पुण्य ज्याचे त्यास द्यावे.

पूर्व-आग्नेयेस परळी वैजनाथ. तेथील देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी केला. त्याच अंगास पुढे धर्मापुरी येथे केदारेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरील शिल्पे मराठवाड्यातील उत्तम शिल्पांत मोडतात.

दक्षिणेस अंबाजोगाई. एवढ्या एका नगरात निरनिराळ्या युगांचे थर एकावर एक दिसतात. डोंगरात कोरलेले व दगडी हत्तींमुळे 'हत्तीखाना' म्हणून ओळखले जाणारे शिवलेणे आहे. योगेश्वरीचे देवस्थान आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील दासोपंतांचे स्थान आहे. दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापडावर लिहिला, ती 'पासोडी' प्रसिद्ध आहे. कागदाऐवजी वस्त्रावर ग्रंथ लिहून जपण्याची ही युक्ती पोथ्या राखणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष आपली वाटावी. निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हटल्या जाणाऱ्या याच गावी १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो संग्राम सफल झाला. येथील वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे नाव धारण करते.

लक्ष्मीचा शिलालेख

अंबाजोगाईतील एका पुरुषाचा येथे स्वतंत्र विचार करणे अवश्य आहे. तो म्हणजे सिंघणदेव यादवाचा सेनापती खोलेश्वर. जन्माने ब्राह्मण व कर्माने योद्धा असलेल्या या पुरुषाची माहिती मुख्यतः शिलालेखांतून मिळते. त्याचा शके ११५० म्हणजे इ. स. १२२८च्या सुमाराचा लेख अंबाजोगाईस मिळाला आहे. दुसरा लेख शके ११६२ म्हणजे इ. स. १२४०चा, खोलेश्वर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवळातील. खोलेश्वराचा पुत्र राम हा गुजरातच्या युद्धात कामी आला. त्याच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिने रामनारायणाचे देऊळ बांधविले, ही हकीकत त्या लेखाने सांगितली.

पंथीय वाचकास हा काळ व हा प्रदेश परका नाही. सर्वज्ञांच्या चरित्राचा आरंभ गुजरातेतील भरवस म्हणजे भडोच येथे होतो, आणि त्याच लाट-गुर्जर भूमीवर यादवसेना वारंवार चालून जात होत्या. एकीकडे त्या भूमीत जन्मलेला पुरुष सर्वसंगपरित्याग करून अनवाणी महाराष्ट्रात आला. दुसरीकडे महाराष्ट्रातील एका सेनापतीचा पुत्र त्या भूमीवर शस्त्र घेऊन गेला व परतला नाही. पहिल्याची आठवण म्हाइंभटांच्या पोथीने राखली, दुसऱ्याची त्याच्या बहिणीने दगडावर कोरविलेल्या अक्षरांनी.

ती अक्षरे नसती तर? देऊळ राहिले असते, पूजा झाली असती, लोकांनी एखादी कथाही रचली असती. परंतु राम आणि लक्ष्मी ही नावे कोणासही ठाऊक झाली नसती. अशा शिलालेखांवर ठिकठिकाणी तैलरंगाचे थर चढतात, जीर्णोद्धारात सिमेंट लागते, दगड उलटा बसवून पायरी केली जाते. हे करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, देवळाची सेवा व्हावी असाच असतो. पण त्या सेवेत एखाद्या लक्ष्मीचे शोकाचे बोल कायमचे पुसले जातात.

नामसाम्याचा मोह

आता मुख्य आशंकेकडे वळू. म्हाइंभट हे सराळेकर. हे सराळे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील होय. सिरसाळा आणि सराळे यांच्या उच्चारात काही साम्य आहे. मग कोणी असे म्हणेल की, म्हाइंभटांचे सराळे ते आमचे सिरसाळे का नसावे? तसे ठरले तर गावास केवढी प्रतिष्ठा लाभेल, ओटा बांधता येईल, उत्सव करता येईल, भाविकांची ये-जा वाढेल.

याचे निराकरण सोपे असले तरी कठोर आहे. केवळ अक्षरसाम्य हे प्रमाण नव्हे. म्हाइंभटांचा सर्वज्ञांशी संबंध गोदातीरी डोमेग्रामच्या परिसरात आला, आणि सराळे त्याच प्रदेशात सांगितले जाते. ग्रंथ एकीकडे बोट दाखवीत असता आपण गावाच्या प्रेमाने दुसरीकडे पाहू लागलो, तर तो स्वग्रामाभिमानच झाला, मग त्यास भक्तीचे नाव दिले तरी. ज्या म्हाइंभटांनी साक्षीवाचून लीळा स्वीकारली नाही, त्यांच्याच नावाने साक्षीवाचून स्थान उभारणे हा त्यांचा गौरव कसा होईल?

असाच प्रश्न 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांविषयी विद्वानांत दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. त्यांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. दुसरा पक्ष वैनगंगातीरीच्या आंभोऱ्याकडे ग्रंथरचनेचे स्थान नेतो. येथेही नामसाम्याचा भाग आहे. ग्रंथाचा परंपरेने मानलेला शके १११० हा कालही सर्वमान्य नाही. अशा ठिकाणी दोन्ही पक्ष मांडून ठेवणे हाच सरळ मार्ग होय. समाधीस वंदन करणाऱ्याची श्रद्धा त्याने उणावत नाही.

कोणी म्हणेल, मग सिरसाळ्यास सांगण्यासारखे काय उरले? पुष्कळ उरले. गोदाखोरे व बालाघाट यांच्या मधील या गावाने आपल्या चहूकडच्या यादवकालीन, निजामशाही, पेशवाई व मुक्तिसंग्रामाच्या स्मृतींचा मागोवा घेता येतो असे आपले स्थान ओळखावे. उसन्या कीर्तीपेक्षा हे अधिक आहे. गावातील जुन्या विहिरी, पार, वीरगळ, देवळे, दर्गे, वाडे यांची प्रामाणिक यादी करणे हे कोणत्याही गावाचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्यासाठी गाव प्रसिद्ध असावे लागत नाही.

कर्तव्यविचार

वरील विवेचनावरून प्रमाणांचा क्रम असा निघतो. जेथे शिलालेख वा ताम्रपट आहे तेथे तो प्रथम वाचावा, कारण तो त्या काळीच कोरलेला असतो. मात्र राजस्तुतीचा भाग वेगळा काढावा. त्यानंतर पोथी. तिचा पाठ कोणता, लेखनिक कोण, लेखनकाल कोणता हे पाहावे. त्यानंतर परंपरागत स्मृती. ती कोणाकडून आली हे विचारावे. तिन्ही जुळल्या तर निश्चय करावा. न जुळल्या तर जसे आहे तसे नोंदवून ठेवावे.

भिक्षुक मंडळींचे नित्य अटन हे या कार्यास मोठे साहाय्यक आहे. गावोगाव हिंडणाऱ्यास जे दिसते ते एका जागी बसलेल्या संशोधकास दिसत नाही. स्थानवंदनास गेले असता ओट्याची दिशा, जुन्या दगडाची स्थिती, गावातील वृद्ध काय सांगतात, हे तिथी घालून टिपून ठेवावे. ओट्याचा जीर्णोद्धार करताना मूळ जागा बोटभरही हलवू नये, आणि जुना घडीव दगड निघाल्यास तो तेथेच दर्शनी राखावा. वासनिकांनी घरातील पोथ्या ओल व वाळवीपासून जपाव्यात व जाणकारांकडून त्यांची सूची करून घ्यावी. सकळा, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांतील पोथी वाचता येत नाही म्हणून नदीत सोडण्याचे पातक कोणी करू नये. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल प्रसिद्ध केल्यापासून केवढे वाङ्मय उजेडात आले, हे सर्वश्रुत आहे. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते प्रभृतींनी संपादनाचे कार्य केले. कोलते यांची 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती १९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढली.

आज काळ अनुकूल आहे. मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. श्रीकेशिराजबास संस्कृतात ग्रंथ रचू लागले असता, साध्या भोळ्या जनांस, म्हाताऱ्याकोताऱ्यांस तो कळणार नाही म्हणून नागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले, त्या निर्णयाचे हे दूरचे फळ म्हणता येईल. परंतु दर्जा व विद्यापीठ ही साधने आहेत. गावातील रंगाखाली झाकलेले अक्षर दिल्लीहून वा मुंबईहून येऊन कोणी वाचणार नाही. ते त्या गावच्याच मनुष्याने आधी ओळखले पाहिजे.

प्रकरणाचा सारांश असा. स्थान वंद्य आहे ते संबंधामुळे. संबंध कळतो तो साक्षीने, आणि साक्ष टिकते ती निरभिमान मनुष्याजवळ. म्हणून स्थानाची निगा राखणे व स्वतःच्या मनातील 'माझे' हा शब्द आवरणे ही दोन्ही कामे साधकाने एकत्रच करावयाची आहेत. सिरसाळ्याच्या वा अन्य कोणत्याही गावच्या वासनिकाने या चातुर्मासात आपल्या शिवारातील एका जरी जुन्या दगडाची खरी नोंद केली, तरी म्हाइंभटांच्या रीतीचे अल्पसे अनुसरण त्याच्या हातून घडले असे समजावे.

दंडवत प्रणाम.